जामखेडच्या बायकांनी डॉक्टरांना काय शिकवलं? नीट ऐकणं म्हणजे नेमकं काय असतं

गरोदर बाईनं जास्त खाल्लं की पोटातलं बाळ मोठं होतं आणि बाळ मोठं झालं की बाळंतपण अवघड जातं. म्हणून सातवा-आठवा महिना लागला की हात आखडता घेऊनच जेवायचं. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ही समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. काही घरांत ती आजही आहे.

अशी एखादी बाई दवाखान्यात गेली की तिला काय ऐकायला मिळतं? "अशक्तपणा आहे, भरपूर खात जा." ती मान हलवते, गोळ्या घेते, घरी येते आणि एक भाकरी खायची तर अर्धीच खाते. पुढच्या खेपेला वजन वाढलेलं नसतं. मग दवाखान्यातून निष्कर्ष निघतो, "या बायका ऐकतच नाहीत."

पण इथं नेमकं ऐकलं कुणी नाही? त्या बाईनं आपल्या भावकीतली एखादी बाळंतीण अडून दगावलेली पाहिली असेल. दवाखाना लांब, रात्री गाडी मिळायची नाही, पैसे हातात नाहीत. तिच्या हिशेबानं कमी खाणं हा हलगर्जीपणा नसून जीव वाचवण्याचा उपाय असतो. "का कमी खाता?" असं तिला कुणी विचारलंच नाही, तर ही भीती बाहेर येणार नाही. आणि भीती बाहेर आली नाही, तर "भरपूर खा" या सल्ल्याचा उपयोग शून्य.

ऐकणं आणि बोलणं ही ‘सॉफ्ट स्किल्स’ आहेत, मुलाखतीत किंवा ऑफिसात कामी येतात, असं आपल्याला सांगितलं जातं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यात मात्र हे कौशल्य थेट बाळांच्या जिवाशी जोडलेलं होतं. तिथं ते शिकवलं गेलं, शिकलं गेलं आणि त्याचा परिणामही मोजला गेला.

आधी पाणी, मग औषध

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेलं डॉक्टर जोडपं. साठच्या दशकात त्यांनी नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलमध्ये काम केलं. तिथं त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. पेशंट बरा होऊन घरी जातो आणि काही दिवसांनी तोच आजार घेऊन परत येतो. आजाराचं मूळ गावात होतं आणि डॉक्टर बसले होते हॉस्पिटलात. मग दोघं अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकायला गेले आणि परत येऊन १९७० मध्ये त्यांनी जामखेडला काम सुरू केलं. कागदोपत्री त्याचं नाव ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह रूरल हेल्थ प्रोजेक्ट’. पंचक्रोशीत मात्र आरोळेंचा दवाखाना म्हटलं की पुरतं.

(अहिल्यादेवी होळकरांचं जन्मगाव चौंडी याच जामखेड तालुक्यात आहे. जिल्ह्याचं आजचं नाव त्यांच्यावरूनच आलं.)

हे डॉक्टर आले तेव्हा सत्तरीच्या सुरुवातीचा तो भीषण दुष्काळ होता. डॉक्टरांच्या डोक्यात लसीकरण होतं, माता-बाल संगोपन होतं, क्षयरोग होता. गावकऱ्यांना विचारलं तर उत्तर वेगळंच आलं. आम्हाला अन्न हवंय, पाणी हवंय.

इथं दोन रस्ते होते. एक म्हणजे, "ते आमचं काम नाही, आम्ही डॉक्टर आहोत." दुसरा म्हणजे समोरच्यानं सांगितलेली अडचण हीच खरी अडचण मानायची. आरोळे दांपत्यानं दुसरा रस्ता घेतला. गावागावांत बोअरवेल झाल्या आणि त्यातल्या अनेक दलित वस्तीत घेतल्या गेल्या. म्हणजे ज्या वस्तीच्या सावलीचाही विटाळ मानला जायचा, तिथं पाणी भरायला सगळ्या गावानं यायचं. लहान मुलांसाठी सामूहिक स्वयंपाक सुरू झाला. पुरुषांना एकत्र आणण्यासाठी व्हॉलीबॉलचे खेळ घेतले गेले, कारण सभेला बोलावलं तर जातीप्रमाणे वेगवेगळे घोळके बसत, खेळात ते जमत नसे. खेळ संपल्यावर तिथंच गप्पा व्हायच्या. त्यातून शेतकरी मंडळं उभी राहिली, पुढं महिला मंडळं आली.

आता एखादा म्हणेल, यात ऐकण्याचं कौशल्य कुठं आलं? हे तर समाजकार्य झालं. पण ऐकण्याची खरी परीक्षा हीच असते की ऐकल्यानंतर ऐकणाऱ्याच्या बेतात काही बदल होतो का. नाहीतर कान उघडे ठेवून गप्प बसणं कुणालाही जमतं.

नर्स नको, गावातली बाई हवी

पुढचा धडा जरा महागातला होता. गावात आरोग्याचं काम करायला सुरुवातीला प्रशिक्षित नर्स नेमल्या गेल्या. शिकलेल्या, बाहेरून आलेल्या, पांढऱ्या कपड्यातल्या मुली. हा प्रयोग फसला. गावातल्या बायका त्यांच्यापाशी मोकळेपणानं बोलेनात. त्यांची भाषा वेगळी, राहणी वेगळी. आपल्या घरातलं अशा परक्या पोरीला कोण सांगणार?

मग गावानंच आपल्यातली एक बाई निवडायची आणि तिला जामखेडला शिकवायचं, असं ठरलं. यातल्या बहुतेक जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. बऱ्याच दलित होत्या, काही विधवा, काही नवऱ्यानं टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या आणि परत आपल्या गावी जाऊन काम करायच्या. वह्या-पुस्तकांचा प्रश्नच नव्हता. गाणी, गोष्टी, नाटुकली आणि एकमेकींचे अनुभव यांतूनच शिक्षण चाले.

या प्रशिक्षणाची रचना बघण्यासारखी आहे. आठवडाभरात गावात काय घडलं, हे प्रत्येकीनं सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. कुणाकडं बाळ दगावलं, कुणी लस टोचून घ्यायला नकार दिला, कुणाच्या सासूनं दारातूनच परत पाठवलं. ज्या बाईला घरात, गावात आजवर कुणी बोलूच दिलं नव्हतं, तिचं बोलणं आता वीस-पंचवीस जणी आणि डॉक्टर लक्ष देऊन ऐकत होते. आपलं बोलणं कुणीतरी मनापासून ऐकलं की कसं वाटतं, हे आधी अनुभवायचं आणि मग तेच दुसऱ्याला द्यायचं. बहुतेक ‘कम्युनिकेशन स्किल’च्या कोर्समध्ये नेमकं हेच राहून जातं. तिथं शिकणाऱ्याचं कुणी ऐकतच नाही, स्लाइड दाखवतात.

जामखेडच्या आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ १९८८ मध्ये वॉशिंग्टनला एका आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झगझगीत दिव्यांकडं बोट दाखवून त्यांनी सांगितलं की डॉक्टर या दिव्यांसारखे, महाग आणि एकाच जागी असलेले, तर आपण साध्या वातीच्या दिव्यासारख्या. त्या दिव्यावर दुसरा दिवा लावता येतो.

उत्तर तयार असतं, म्हणून ऐकू येत नाही

नीट ऐकणं इतकं अवघड का जातं? आपण वाईट माणसं असतो म्हणून नव्हे. त्याचं एक कारण संभाषणाच्या वेगात आहे.

२००९ मध्ये संशोधकांनी जगातल्या दहा वेगवेगळ्या भाषांमधल्या गप्पांचा अभ्यास केला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण २०० मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. डोळ्याची पापणी लवायला जितका वेळ लागतो, साधारण तितकाच. पण मेंदूला एक साधा शब्द शोधून तोंडावर आणायलाच सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. हा हिशेब जुळतो कसा? सोपं आहे. समोरचा बोलत असतानाच आपण आपलं उत्तर तयार करायला घेतलेलं असतं. म्हणजे त्याच्या वाक्याचा शेवटचा तुकडा आपण निम्म्याच लक्षानं ऐकतो. आणि मराठीत तर क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. "मी त्यांना पैसे द्यायला" इथपर्यंत ऐकून पुढं ‘गेलो होतो’ येणार की ‘तयार नाही’ येणार, हे कसं कळणार? तरी आपण मध्येच तोंड घालतो.

डॉक्टरांवर याचा खास अभ्यास झालाय. १९८४ मध्ये अमेरिकेत हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी पेशंट-डॉक्टरांच्या ७४ भेटींचं रेकॉर्डिंग तपासलं. "काय होतंय?" असं विचारल्यावर पेशंट सांगायला लागला की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत. आपलं म्हणणं पुरं करता आलं ते फक्त १७ भेटींत.

डॉक्टरांची बाजूही आहे. बाहेर रांग लागलेली, पेशंटला बोलू दिलं तर तो अर्धा तास घेईल, ही भीती असते. ती कितपत खरी आहे, हे २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या डॉक्टरांनी तपासलं. ३३५ पेशंटना न तोडता बोलू दिलं आणि घड्याळ लावलं. सरासरी किती वेळ लागला? ९२ सेकंद. ७८ टक्के पेशंट दोन मिनिटांच्या आत स्वतःहून थांबले. पाच मिनिटांपेक्षा जास्त बोललेले होते फक्त सात जण, आणि त्यांचं बोलणंही महत्त्वाचं होतं असं डॉक्टरांनीच सांगितलं.

दीड मिनिट. एक रील बघायला लागतो तेवढा वेळ.

"नीट पाजता का?" या प्रश्नात चुकतं काय

१९९३ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं स्तनपानाबद्दल सल्ला देणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण तयार केलं. त्यात आईला काय सांगायचं याच्या आधी, आईचं ऐकायचं कसं हे शिकवलंय. त्यासाठी सहा कौशल्यं दिली आहेत. ती मराठी घरांत, मराठी वाक्यांत उतरवून बघितली तर मजा येते, कारण आपली रोजची वाक्यं किती खोडसाळ असतात ते कळतं.

सगळ्यात उपयोगाचं आणि सगळ्यात अवघड म्हणजे निवाडा करणारे शब्द टाळणं. "बाळाला नीट पाजता ना?" हा प्रश्न वरवर साधा वाटतो. पण त्यातल्या ‘नीट’मुळं आई लगेच आरोपीच्या पिंजऱ्यात जाते. ती "हो" म्हणणार, नाहीतर गप्प बसणार. तिला खरंच अडचण असेल तर ती आता सांगणार नाही. ‘पुरेसं’, ‘व्यवस्थित’, ‘वेळेवर’, ‘बरोबर’ हे सगळे याच जातीचे शब्द. "दूध पुरतं का?" असं विचारलं की ज्या आईला शंका नव्हती तिच्याही मनात शंका येते. त्याऐवजी "बाळ कसं पितंय?" एवढंच विचारलं तर आई सांगायला लागते.

हेच घरात लावून बघा. दहावीतल्या मुलाला "अभ्यास नीट चाललाय ना?" विचारलं की उत्तर येतं "हो". "आज काय वाचलंस?" म्हटलं तर निदान एक वाक्य तरी येईल. सूनबाईला "सगळं व्यवस्थित केलंस ना?" आणि "काय काय झालं आज?" यातला फरक तर सांगायलाच नको.

याला लागूनच येतात मोकळे प्रश्न. ज्यांचं उत्तर हो-नाहीत संपत नाही असे. ‘काय’, ‘कसं’, ‘कधीपासून’, ‘मग काय केलं’ यांनी सुरू होणारे. ‘का’ मात्र जपून वापरावा लागतो. मराठीत "का केलंस?" हा प्रश्न कमी आणि दटावणी जास्त असते. "का खात नाही?" यापेक्षा "जेवताना काय वाटतं?" किंवा "घरात काय म्हणतात याबद्दल?" हे जास्त सांगून जातं. गरोदरपणातली ती समजूत बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नावर बाहेर येईल, कारण ती सासूनं किंवा आजीनं सांगितलेली असते.

तिसरी गोष्ट आपल्याकडं आधीपासूनच आहे. ती म्हणजे हुंकार. रात्री अंगणात गोष्ट चालू असली की ऐकणाऱ्यानं ‘हूं’ द्यायचा, तो थांबला तर सांगणाराही थांबायचा. गोंधळात, तमाशात एक जण सांगतो आणि दुसरा त्याला "मग काय झालं?" म्हणत पुढं नेतो. पोवाड्याच्या मागं झीलकरी ‘जी जी’ करतात. म्हणजे सांगणाऱ्याइतकंच ऐकणाऱ्यालाही काम असतं, हे आपल्या लोककलांना पक्कं ठाऊक आहे. फोनवर कुणी बराच वेळ बोलत असेल आणि पलीकडून हुंकार आला नाही, तर आपण "हॅलो? आहेस ना?" विचारतोच की.

मग येतं समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत मांडणं. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी १९५७ मध्ये ज्याला ‘ॲक्टिव्ह लिसनिंग’ म्हटलं, त्याचा हा गाभा. आई म्हणाली, "रात्रभर रडतंय हो." तर उत्तर, "रात्री झोपूच देत नाही म्हणायचं." एवढंच. आई पुढं सांगते, "हो ना, आणि सासूबाई म्हणतात वरचं दूध घाल." घ्या, खरा मुद्दा आला. इथंच जर "किती वेळा पाजता?" असा प्रश्न टाकला असता तर सासूबाई आल्याच नसत्या. पण हे पोपटासारखं प्रत्येक वाक्याला करायचं नसतं. तसं केलं तर समोरच्याला वाटतं, चेष्टा चाललीय.

पाचवं म्हणजे भावना ओळखणं. यात आपल्याकडं एक ठरलेली गफलत होते. कुणी म्हणालं, "जीव नकोसा झालाय कामानं", की आपण म्हणतो, "अगं, माझं तर विचारूच नको." आपल्याला वाटतं आपण सहानुभूती दाखवली. प्रत्यक्षात आपण माइक हिसकावून घेतलेला असतो. दुसरा प्रकार "एवढं काय त्यात, होतं असं." धीर देण्याच्या भरात समोरच्याचं दुखणंच खोटं ठरतं. "दमलीस गं फार" इतकं म्हणून थांबणं पुरतं. थांबणं महत्त्वाचं.

आणि सहावं बोलण्याआधीचं, अंगातून दिसणारं. समोरची खाली बसली असेल तर आपणही खाली बसणं, मध्ये टेबल किंवा फाइल न ठेवणं, घाई न दाखवणं. मराठीत यात आणखी एक भर घालायला हवी, ती संबोधनाची. शहरातून आलेला तिशीतला माणूस पन्नाशीच्या बाईला "तुला काय होतंय?" विचारतो, तेव्हा संभाषण तिथंच संपलेलं असतं. ‘मावशी’, ‘आजी’, ‘ताई’ आणि ‘तुम्ही’ यांना पैसे पडत नाहीत. अर्थात उलटंही खरं आहे. जिथं ‘तू’ हीच जवळीक आहे, तिथं एकदम ‘तुम्ही’ आलं की घरात समजतं, काहीतरी बिनसलंय.

समजूत खोडायची कशी?

ऐकलं, समजलं. पण ती बाई चुकीचंच वागत असेल तर? जुलाब लागलेल्या बाळाचं पाणी तोडायचं, ही अशीच एक जुनी समजूत. पाणी दिलं की जुलाब वाढतात असं दिसतं, म्हणून पाणी बंद. आणि बाळ जातं ते जुलाबानं नव्हे, अंगातलं पाणी संपल्यानं. इथं नुसतं हुंकार देत बसणं गुन्हाच ठरेल.

ऐकणं म्हणजे मान्य करणं नव्हे. पण खोडून काढण्याचा क्रम बदलता येतो. समजा आरोग्यसेविका म्हणाली, "पाणी बंद करू नका, चूक आहे ते." आजी लगेच म्हणणार, "आम्ही आठ पोरं वाढवली, आम्हाला शिकवू नको." आता हेच दुसऱ्या प्रकारे. "आजी, पाणी दिलं की जास्त होतं असं दिसतंय म्हणता. खरंय, दिसतं तसं. बाळाची लघवी कधी झाली शेवटची? टाळू बघितली का, कशी खोल गेलीय? ती कशानं जात असेल?" आजीला खोल गेलेल्या टाळूचा अर्थ चांगला माहीत असतो. तिच्याच माहितीतून पाण्यापर्यंत येता येतं. मग एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून, आजीच्याच हातानं कालवून, घोट-घोट पाजायला सुरुवात करायची. आणि शेवटी, "आजी, रात्री पुन्हा जुलाब झाला तर काय करायचं, सांगा बरं." तिनं आपल्या शब्दांत सांगितलं तर निरोप पोचला. बाळ सुस्त पडलं असेल, पाणी पीत नसेल किंवा शी-मध्ये रक्त असेल, तर तिथं गप्पा थांबवून थेट दवाखाना गाठायचा.

जामखेडमध्ये याचं फळ काय मिळालं? प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये तिथं जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत हा आकडा तिसाच्या खाली आला होता. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आलेल्या एका अभ्यासात जामखेडच्या प्रकल्पातली गावं आणि आसपासची इतर गावं यांची तुलना झाली. प्रकल्पाच्या गावांत एक महिना ते पाच वर्षं वयाच्या मुलांच्या मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. हे सगळं नुसत्या गप्पांनी झालं असं म्हणणं खोटं ठरेल. पाणी होतं, लसी होत्या, अन्न होतं, मागं हॉस्पिटल होतं. पण लस घरात घ्यायची की नाही हे ठरत होतं ते ओट्यावरच्या बोलण्यातच.

मोबाइलवर ऐकतं कोण?

२०२१ मध्ये व्हॉट्सॲपनं व्हॉइस मेसेज दीडपट आणि दुप्पट वेगानं ऐकायची सोय दिली. आईचा चार मिनिटांचा मेसेज आता दोन मिनिटांत संपतो. सोय चांगलीच आहे, पण त्यात मध्ये घेतलेला श्वास, अडखळणं, "बाकी काही नाही" म्हणण्याआधीची शांतता, हे सगळं दाबलं जातं. आणि पुष्कळदा खरं बोलणं त्या "बाकी काही नाही" मागंच असतं. एखाद्याच्या लांबलचक मजकुरावर टाकलेला अंगठा तर सगळ्यांत निरुपयोगी हुंकार. वाचलं की नुसतं मिटवलं, काही कळत नाही. एक छोटा, त्याच विषयावरचा पुढचा प्रश्न त्याहून कितीतरी बरा. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की समोरच्याच्या बोलण्याला धरून पुढचे प्रश्न विचारणारी माणसं लोकांना जास्त आवडतात. यात आश्चर्य काही नाही, पण आपण विचारत नाही, हे आहेच.

‘अवधान’ हा शब्द आपल्याकडं जुना आहे आणि त्याचं एक मोठं ठिकाणही याच जिल्ह्यात आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंद बाबांनी ती लिहून घेतली. नवव्या अध्यायाच्या सुरुवातीला ज्ञानेश्वर श्रोत्यांकडं मागतात ते अवधानच. सगळ्या ग्रंथभर ते श्रोत्यांशी बोलत राहतात, त्यांची परवानगी घेतात, आपण लांबण लावतोय का अशी शंका बाळगतात. एका अर्थी तो ग्रंथ ऐकणाऱ्यांच्या साक्षीनंच घडलाय.

चावडीवर कोण बोलतं?

दोघांतलं बोलणं एक आणि सभेतलं बोलणं दुसरं. सभेत सगळ्यात मोठा आवाज ऐकला जातो. अहिल्यानगरजवळच्या हिवरे बाजारचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. १९८९-९० नंतर पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली गावानं ऊस-केळी आणि शेतीसाठी बोअरवेल यांवर बंदी घातली, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायला सुरुवात केली. यंदा पाणी किती आणि त्यात कुठली पिकं, हे सगळ्यांसमोर बोलून ठरतं. हे कौतुकाचंच आहे. पण ग्रामसभेत बायका किती बोलतात, हा प्रश्न राज्यातल्या कुठल्याही गावाला विचारावा असा आहे. कायद्यानं याची थोडी तजवीज केलीय. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. कागदावर ती बहुतेक ठिकाणी होते. रजिस्टरवर सह्या असतात. प्रत्यक्षात ती झाली का, हे मात्र गावातल्या बायकांनाच विचारायला हवं, आणि तेही सरपंच शेजारी उभे नसताना.

जाता जाता एक साधी पण नेहमी विसरली जाणारी गोष्ट. "आमचे बाबा हल्ली ऐकतच नाहीत" ही तक्रार असेल, तर एकदा कानाची तपासणी करून घ्या. वयानुसार ऐकू कमी येणं फार सामान्य आहे. अशी माणसं चारचौघांत चुकीची उत्तरं देतात, मग लाजून बोलणंच बंद करतात आणि घरचे त्याला हट्टीपणा समजतात. आणि कुणी बोलताना जगणं नको झाल्याचं सांगत असेल, तर ऐकून घेऊन तिथंच सोडू नका. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते, मराठीतही बोलता येतं.

आशाताईंच्या हातात काय आहे?

१९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं लोकांच्या सहभागातून चाललेल्या आरोग्य प्रयोगांवर एक पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर एक प्रकरण होतं. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेची कल्पना जगानं उचलली. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल आरोळे १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत आरोळे २०११ मध्ये. २००५ मध्ये देशात ‘आशा’ योजना आली तेव्हा गावातलीच बाई गावासाठी, हे सूत्र त्यात होतं.

आज बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर आशाताईनं ४२ दिवसांत सहा वेळा घरी यायचं असतं. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीची एक भेट वाढते. प्रत्येक भेटीला बाळाचं वजन, ताप, श्वास, सगळ्याच्या नोंदी करायच्या. फॉर्म मोठा असतो, वर ऑनलाइन माहिती भरायची, मोबदला भेटीच्या हिशेबानं. फॉर्ममध्ये बाळाच्या तापाला रकाना आहे. आई दारापर्यंत सोडायला आली आणि सासूबाई आत गेल्याचं बघून हळूच काही म्हणाली, तर त्याला रकाना नाही. ते ऐकायला आशाताईला दारात आणखी दोन मिनिटं थांबावं लागतं.